आपल्या गल्लीची खानेसुमारी आपणच कशी करावी

"बाई, वस्तीच उरली नाही हो इथं. शाळेला पोरं कुठनं आणायची?"

आमच्या मराठी शाळेचे वर्ग दुसरीकडे हलवायचे, या विषयावरच्या सभेत साहेबांनी हे वाक्य टाकलं आणि आमच्या मंडळाची पोरं गप्प बसली. एरवी विसर्जनाच्या रात्री पोलिसांशी हुज्जत घालणारी पोरं ही. वस्ती आहे हे त्यांना माहीत होतं, पण हातात कागद नव्हता. साहेबांच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी ती पोरं माझ्या घरी आली. मी लालबागची. वडील गिरणीत साचाखात्यात. बत्तीस वर्षं मी मनपाच्या शाळांत शिकवलं आणि १९९१, २००१, २०११ अशा तिन्ही जनगणनांत गळ्यात ओळखपत्र अडकवून इथले जिने चढले. पहिल्या दोन वेळा प्रगणक म्हणून, तिसऱ्या वेळी पर्यवेक्षक म्हणून. पोरांना म्हटलं, कागद हवा ना, मग करूया. चार पोरं, दोन मुली, सहा रविवार आणि दोनशे पानी वही. या उद्योगात काय जमलं आणि कुठे आपटलो, ते लिहिते आहे. तुमची गल्ली गिरगावात असो, पुण्यात पेठेत असो की नागपुरात महालात, पद्धत हीच चालेल. नावं तेवढी बदला.

आधी हद्द, मग साल

"आपला एरिया" हा शब्द भाषणात चालतो, मोजणीत नाही. आमचा महापालिकेचा एफ दक्षिण वॉर्ड लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडीपर्यंत पसरलेला आहे. तो सहा जणांनी मोजायचा म्हणजे नातवंडांपर्यंत काम पुरेल. जनगणनेत एका प्रगणकाला साधारण सहाशे ते आठशे माणसांचा एक गट देतात. तुम्हीही दोन गटांएवढीच वस्ती घ्या आणि हद्द रस्त्यांनी बांधा: इकडे हा रस्ता, तिकडे ती भिंत, मागे रेल्वेचा रूळ. हद्दीवरची इमारत आत की बाहेर, ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. नाहीतर शेवटी आपल्याला सोयीची तेवढी आत घेतली जाते. आमच्यातल्या एकाने नेमका तोच प्रयत्न केला.

बदल मोजायचा तर कशापासून बदल, हे ठरवायला हवं. आमच्याकडे म्हातारी माणसं प्रत्येक गोष्ट "संपाच्या आधी" आणि "संपानंतर" अशी सांगतात. गिरणी कामगारांचा तो संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. पण तेव्हाचं आठवून सांगणारी माणसं आता थोडी आणि कागद त्याहून थोडे. मी २६ जुलै २००५ ही मुंबई तुंबलेल्या पावसाची तारीख धरली, कारण सोपं आहे. "२००५ साली या खोलीत किती जण होतात?" असं विचारलं की माणूस छताकडे बघतो. "त्या पावसाच्या दिवशी घरात कोण कोण होतं?" म्हटलं की धडाधड सांगतो: हे भायखळ्याला अडकले होते, दीर चालत आला, सासूबाई तेव्हा होत्या, मोठी पाचवीत होती. वयं, नोकऱ्या, माणसं, सगळं बिनचूक. तुमच्या गावात महापूर असेल, दंगल असेल, एखादा कारखाना बंद पडल्याचा दिवस असेल. तो धरा.

शिवाय आमच्यासाठी २००५ हे साल तसंही खुणेचं. त्याच वर्षी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. ज्युपिटर, मुंबई टेक्स्टाइल, अपोलो, एल्फिन्स्टन, कोहिनूर. मुंबई टेक्स्टाइलची जागा ७०२ कोटींना गेली, तेव्हा नाक्यावर लोक कोटीवर किती शून्यं ते विचारत होते. आधीचा नियम जमिनीचे तीन भाग करायचा, एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती ठेवली, म्हणजे शेडखालची जमीन सुटली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. पुढचे टॉवर त्या कागदावर उभे आहेत.

दार वाजवण्याआधी कागद

पहिला कागद जनगणनेचा. जनगणनेच्या संकेतस्थळावर जिल्ह्याचे आणि वॉर्ड पातळीपर्यंतचे तक्ते फुकट मिळतात. तुमच्या गल्लीचा आकडा त्यात सापडणार नाही, पण पार्श्वभूमी कळते. मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, २००१ साली ३३,३८,०३१ माणसं होती. २०११ ला ३०,८५,४११. दहा वर्षांत अडीच लाख कमी, साडेसात टक्क्यांहून जास्त घट. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर त्यातच होतं) ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. म्हणजे इमारती इकडे उंच झाल्या आणि माणसं तिकडे गेली. साहेबांचं वाक्य याच आकड्यावर उभं होतं आणि जिल्ह्यापुरतं ते खरंही होतं.

त्याच तक्त्यात दर हजार पुरुषांमागे बायका किती ते बघा. मुंबई शहरात २००१ ला ७७७, २०११ ला ८३२. याचा अर्थ इथल्या बायका एकदम वाढल्या असा नाही. हे शहरच एकट्या पुरुषांचं होतं. कोकणातून, घाटावरून आलेला चाकरमानी गावकीच्या खोलीत पथारी टाकायचा, बायको-पोरं गावी. पहिल्या पाळीचा उठला की त्याच जागेवर रात्रपाळीचा आडवा व्हायचा, आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. १९९१ ला असल्या एका खोलीत मला "कुटुंबप्रमुख कोण?" हा रकाना भरायचा होता. एकोणीस माणसं, एकाच तालुक्याची. जनगणनेचा नियम असा की एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. खोलीत चूलच नव्हती! शेवटी सगळ्यात म्हातारा पुढे आला नि म्हणाला, "बाय, लिव माजा नाव. हंयसर भाडा मीच देतंय."

दुसरा कागद मतदार यादी. निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर भागवार मिळते. तिच्यातून फक्त वयं मोजा: तिशीच्या आतले किती, साठीच्या वरचे किती. जुनी यादी कुणा कार्यकर्त्याच्या माळ्यावर सापडली तर सोनं. पण ही यादी दोन बाजूंनी फसवते. डोंबिवलीला गेलेला माणूस इथलं नाव काढत नाही, मतदानाला येतो आणि आईला भेटून जातो. इथे अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा नाव घालत नाही. म्हणून यादीवरून माणसं किती ते ठरवू नका. वयाचा अंदाज तेवढा घ्या.

तिसरा कागद शाळेचा. मुख्याध्यापकांना भेटून दरवर्षीचा पट आणि तुकड्या विचारा. पटाचे आकडे यूडायसवरही, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या संकेतस्थळावरही, असतात. मी नोकरीला लागले तेव्हा पहिलीच्या अ, ब, क, ड अशा चार तुकड्या होत्या. निवृत्त झाले तेव्हा "अ" लिहायची गरजच नव्हती. पण पट कमी म्हणजे मुलं कमी, असा थेट अर्थ काढू नका. याच वाक्यावर आम्ही पुढे सपशेल पडलो, ते येईलच.

शाळा सोडल्याच्या दाखल्यांची स्थळप्रत मात्र वाचण्यासारखी असते. बाहेरच्या माणसाला ती मिळणार नाही. मी इतकी वर्षं ती स्वतः भरली म्हणून सांगते. "सोडण्याचे कारण" या रकान्यात सुरुवातीला "गावी गेले" असायचं. ते संपानंतरचं. मग कळवा, डोंबिवली. मग विरार, नालासोपारा. शेवटी शेवटी बदलापूर. एकाच हस्ताक्षरात रेल्वेचा नकाशा लांबत गेलेला.

दारं मोजा, खोल्या नव्हे

आता बाहेर पडा. मोठ्या कागदावर नजरी नकाशा काढा. मोजमापाची गरज नाही, पण प्रत्येक जिना, प्रत्येक मजला, प्रत्येक दार त्यावर यायला हवं. दाराला आपला नंबर द्या, कारण चाळीत "खोली नंबर ७" दोन असतात आणि मधली भिंत पाडलेली ८-९ एक असते. पोटमाळ्यावर राहणारं कुटुंब वेगळं शिजवत असेल तर ते वेगळं कुटुंब.

प्रत्येक दारापुढे चारपैकी एक खूण करा: राहतं, कुलूपबंद, रिकामं, धंद्याला दिलेलं. कुलूपबंद आणि रिकामं यांत फरक आहे. कुलूपबंद म्हणजे माणसं राहतात, आत्ता बाहेर आहेत. रिकामं म्हणजे राहतच नाहीत. पोरांनी पहिल्या रविवारी सगळ्याच बंद दारांना "रिकामं" लिहून टाकलं. मग त्यांना एक दार दाखवलं. कुलपावर धूळ नाही, कडीला दुधाची पिशवी, पायपुसणं ओलं. शेजारचं दार: जाळीत तीन महिन्यांची वीजबिलं, उंबऱ्यावरची रांगोळीची स्टिकरं उडालेली, तोरण गेल्या दिवाळीचं. हे वाचायला शिकवायला अर्धा तास लागला. पुढे पोरं माझ्यापेक्षा तरबेज झाली.

जिन्याखालची मीटरची पेटीही बघा. जुन्या चाळीत मीटर दारांइतके असतात. एका दारामागे दोन मीटर असतील तर आत पोटभाडेकरू असू शकतो.

आमच्याकडे मोजणीत १८४ राहती दारं निघाली, टॉवर सोडून. सगळीकडे विचारत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. म्हणून दर पाचवं दार. सुरुवात पहिल्यापासून करायची की तिसऱ्यापासून, त्यासाठी एक ते पाचच्या चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी चार नंबरची आली तर ४, ९, १४, १९ असे जा. दार बंद असेल तर शेजारी विचारून मोकळं होऊ नका, हा मोह फार होतो. सकाळ, संध्याकाळ, रविवार, अशा तीन खेपा घाला. दुपारी दार उघडणारी घरं एकाच प्रकारची असतात: म्हातारी माणसं, घरी असलेली सून. दोघंही कामाला जाणारी घरं तुम्ही टाळलीत, तर गल्ली आहे त्यापेक्षा म्हातारी आणि गरीब दिसेल.

पगार विचारायचा नाही

जनगणनेत उत्पन्नाचा प्रश्न नसतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर, फोन, सायकल, स्कूटर, गाडी आहे का विचारतात. छप्पर, भिंत, नळ, संडास, चूल कशावर, हे विचारतात. पगार नाही. यात शहाणपण आहे, हे मला पहिल्याच दारात पुन्हा कळलं. आमच्यातल्या एका मुलीने उत्साहात विचारलं, "काका, महिन्याचं उत्पन्न?" काकांनी आधी मला, मग तिला, मग वहीला न्याहाळलं आणि विचारलं, "कुठल्या बिल्डरची माणसं तुम्ही?" दार लागलं. आमच्याकडे घराघरात पुनर्विकासाच्या संमतिपत्रांवर सह्या घेऊन गेलेली माणसं येऊन गेली आहेत. उत्पन्नाचा प्रश्न म्हणजे "तुम्ही किती लवकर विकाल" असाच ऐकू येतो.

म्हणून असं विचारा:

घरातलं कोण कुठे कामाला जातं, आणि किती वाजता निघतं? (आकडा नको. सकाळी साडेपाचला निघणारा आणि साडेनऊला निघणारा, यांच्या पगारात फरक असतोच.)

नोकरी कायम, कंत्राटी की रोजंदारी?

धुणीभांड्याला बाई येते, की घरातलं कोणी बाई म्हणून जातं? माझ्या अनुभवात याहून नेमका प्रश्न नाही. एकाच मजल्यावर दोन्ही उत्तरं मिळाली.

मुलं कुठल्या माध्यमाच्या शाळेत, आणि बसने जातात की चालत?

घराचा मेन्टेनन्स किंवा भाडं किती? हे लोक आनंदाने सांगतात, कारण तक्रार करायची असते.

आणि शेवटी, महिन्याच्या खर्चातलं किराणा, भाजी, दूध, मच्छी यावर निम्म्याहून जास्त जातं की कमी? घर जितकं तंगीत, तितका पोटावरचा वाटा मोठा. सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत शहरी भारतात हा वाटा साधारण ४० टक्के होता. निम्म्याहून बराच वर असेल तर पगार विचारायची गरजच नाही.

रेशनकार्डाच्या रंगावर मात्र फार भिस्त ठेवू नका. केशरी कार्डाची वरची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये. आज वॉचमनचा पगारही त्याच्या वर असतो. कार्ड जुनं, रंग जुना, घर भलतंच.

इथे एका घराबद्दल सांगते, नाव-मजला सोडून. रिहॅबच्या, म्हणजे पुनर्विकासात जुन्या भाडेकरूंना मिळालेल्या, बिल्डिंगमध्ये वर कुठेतरी एक आजी. आधी चाळीत एकशे साठ फुटांची खोली, मोरी आत, संडास बाहेर. आता तीनशे फूट, बाथरूम-संडास घरात, खिडकीतून समुद्राची एक रेघ दिसते. आजोबा गिरणीतले, त्यांच्यामागे फंडाची पेन्शन महिना हजाराच्या आसपास. मुलगा कुरिअरमध्ये कंत्राटी. जुन्या खोलीची भाडेपावती आजींनी जपून ठेवली आहे. महिना अडतीस रुपये, खाली मालकाच्या मेहताजीची सही. आता मेन्टेनन्स चार हजारांच्या वर. "घर कोटीचं आहे म्हणतात सगळे," आजी म्हणाल्या. "कोटीतनं महिन्याला चार हजार कसे काढायचे तेवढं शिकव." लिफ्टची वीज गेली की त्या तीन-तीन दिवस खाली येत नाहीत.

या घराला वहीत कुठल्या रकान्यात घालाल? मी दोन रकाने केले, मिळकत म्हणजे मालकीची जागा, आणि कमाई म्हणजे महिन्याला हातात येणारा पैसा. हे तुम्हीही वेगळे ठेवा. पुनर्विकास झालेल्या वस्तीत मिळकत पंचवीसपट वाढते आणि कमाई आहे तिथेच असते. मग काही वर्षांनी ते घर विकलं जातं, माणसं अंबरनाथला जातात, आणि कागदावर दिसतं की "रहिवाशांचा दर्जा उंचावला."

टॉवर कसा मोजायचा

सेलच्या, म्हणजे बाहेरच्यांना विकलेल्या फ्लॅटांच्या, टॉवरमध्ये वॉचमन तुम्हाला वर सोडणार नाही. आम्हाला नाही सोडलं. खरं तर त्याचंही बरोबर आहे. वादावादी करू नका, बाहेरूनही पुष्कळ कळतं.

पहिलं, महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. मे २०१७ पासून मोठ्या प्रकल्पांची नोंदणी सक्तीची आहे. संकेतस्थळावर फ्लॅट किती, केवढ्याचे, नोंदणी किती झाली, हे दिसतं. दुसरं, नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च सेवा. तिथे सूची क्रमांक दोन मिळतो. त्यात फ्लॅट केवढ्याला विकला गेला ते असतं, आणि भाड्याने दिला असेल तर लिव्ह अँड लायसन्सचं भाडंही. दोन-चार नोंदी बघा आणि रक्कम तेवढी टिपा, घेणाऱ्याचं नाव नाही. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा, दर त्याच विभागाच्या संकेतस्थळावर सालवार मिळतो. २००५ चा आणि आजचा शेजारी-शेजारी लिहा.

तिसरी युक्ती आमच्या पोरांची. आठवड्यातल्या तीन कामाच्या दिवशी रात्री साडेआठ ते नऊ, करी रोडच्या पुलावर उभं राहून दिव्यांच्या खिडक्या मोजायच्या. एकाने मजला मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने "आहे", "नाही", तिसऱ्याने लिहायचं. दुर्बीण नाही, फोटो नाही. ते लोकांच्या घरात डोकावणं झालं. तिन्ही रात्री अंधार असलेला फ्लॅट बहुधा रिकामा. पहिल्या रात्री पोरं हसत होती. तिसऱ्या रात्री वरचे सलग सहा मजले काळे दिसले, आणि त्यातलाच एक जण, जो आईवडील, भाऊ-वहिनीसह दोनशे फुटांत राहतो, तो मोजायचा थांबला. पुलाच्या कठड्याला टेकून नुसता बघत राहिला. मी काही बोलले नाही. त्याच्याकडची पेन्सिल घेतली आणि पुढचे मजले मी मोजले.

चौथं, सकाळी सात ते नऊ टॉवरच्या मागच्या दाराशी उभं राहा. पुढच्या दाराने गाड्या जातात, मागच्याने बाया, ड्रायव्हर, गाड्या धुणारी पोरं येतात. त्यांना विचारा, कुठून आलात. आमच्याकडे बऱ्याच जणी शिवडीहून, काही चक्क पलीकडच्याच चाळीतून. टॉवरची खरी लोकसंख्या दिवसा वेगळी आणि रात्री वेगळी असते.

गेलेल्यांची नोंद

सगळ्या सरकारी मोजण्यांतली खोट ही, की आहे त्याला मोजतात, गेलेल्याला कोण मोजणार? बदल तर गेलेल्यांतच असतो. यासाठी आमच्याकडे जी वस्तू आहे ती कुठल्याही खात्याकडे नाही: वर्गणीची पावतीपुस्तकं. मंडळाच्या कपाटात जुनी बुकं रबर लावून पडलेली असतात. खोलीवार नाव, रक्कम, साल. वाळवीने खाल्लेली सोडून बाकीची आम्ही खोलीक्रमाने लावली. एका खोलीपुढे पंधरा वर्षं तेच आडनाव, मग एक वर्ष कोरं, मग भलतंच आडनाव. बदलाची तारीख मिळाली. मग गणपतीत, जेव्हा विरार-बदलापूरचे सगळे दर्शनाला परत येतात, तेव्हा पोरं चहाच्या टेबलावर वही घेऊन बसली. कधी गेलात, का गेलात, तिकडे घर केवढं, आता कामाला यायला किती वेळ लागतो?

"का गेलात" याची उत्तरं मी एका शब्दात बसवू दिली नाहीत. "जागा कमी पडली" सगळेच म्हणतात. पुढे विचारलं की कळतं: दोन भावांत खोली एक, विकून निम्मे-निम्मे. किंवा ट्रान्झिटमध्ये, म्हणजे नवी इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, सात वर्षं काढली, मुलीचं लग्न तिथेच झालं, परत येऊन करायचं काय. किंवा संपानंतर वडिलांनी खोली गहाण टाकली, ती सुटलीच नाही. पहिला स्वखुशीने गेला, तिसरा ढकलला गेला. दोघांना एकाच रकान्यात "स्थलांतर" लिहिणं हा अन्याय आहे, आणि दाखल्यांवर मी तो बत्तीस वर्षं केला.

हिशेब करताना

सरासरीपासून सावध. समजा दहा घरं आहेत. नऊ घरांत महिन्याला पंचवीस हजार येतात, दहाव्यात पावणेपाच लाख. बेरीज सात लाख, सरासरी सत्तर हजार. आता सत्तर हजारवालं घर शोधून दाखवा! त्यापेक्षा सगळ्यांना चढत्या क्रमाने उभं करा आणि मधल्या घराकडे बोट दाखवा. पाचवं-सहावं घर पंचवीस हजारांचं. याला मध्यक म्हणतात.

याहून मोठा घोळ दुसरा. समजा २००५ ला त्या दहा घरांत दहा-दहा हजार येत होते. सहा घरं गेली, त्यांच्या जागी दोन-दोन लाखवाली सहा आली. उरलेल्या चौघांचे दहाचे वीस हजार झाले. आता सरासरी निघते एक लाख अठ्ठावीस हजार. कागदावर गल्लीची भरभराट, आणि राहिलेल्या चौघांना वीस वर्षांत दुप्पट. जुन्या वाण्याच्या वहीतला २००५ चा तूरडाळीचा भाव काढून आजच्या भावाशी ताडा. दुप्पट म्हणजे पुढे गेले की मागे, ते लगेच कळेल. म्हणून तीन याद्या कायम वेगळ्या ठेवा: राहिलेले, आलेले, गेलेले. त्यांची एकत्र बेरीज कुणी मागितली तरी देऊ नका.

वॉर्डातून काही आकडे हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला तीस दिवस. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. मी एका अर्जात शाळा, पाणी आणि मालमत्ता कर असे तिन्ही विषय कोंबले. अर्ज परत आला. तेही एकोणतिसाव्या दिवशी. विचारायचा नेमका प्रश्न असा: पाचशे चौरस फुटांपर्यंतची निवासी घरं किती आणि त्याहून मोठी किती? मुंबईत २०२२ पासून पाचशे फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे ही वर्गवारी महापालिकेकडे असतेच. आणि चाळीची, रिहॅबची घरं बहुतेक करून खालच्या गटात पडतात.

वहीत नावं, फोन नंबर, जात, कुणाचा दागिना, कुणाचं कर्ज, काही लिहू नका. दाराचा नंबर पुरे. आणि तो नंबर कुठल्या घराचा, हे सांगणारा नकाशा वेगळ्या माणसाकडे ठेवा. पुनर्विकासाच्या वस्तीत अशी वही चुकीच्या हाती पडली तर कुठल्या घरात पैशाची नड आहे, हे तिच्यातून सरळ वाचता येईल.

आमचा निकाल सांगते, कारण तो आम्हाला हवा तसा आला नाही. वस्ती होती. विचारलेल्या घरांत शाळेच्या वयाची मुलं भरपूर होती, साहेबांच्या अंदाजाहून खूप जास्त. पण पुढच्या रकान्यात, माध्यम कुठलं, तिथे पानं उलटली तरी "इंग्रजी, बस", "इंग्रजी, रिक्षा". आमच्या मोजणाऱ्या पोरांपैकी दोघांचे भाचेही त्यातच. एक जण म्हणाला, "बाई, हा रकाना सभेत नको दाखवूया." मी त्याला ते पान पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढायला लावलं. सभेत दोन्ही रकाने ठेवले. साहेबांनी बराच वेळ वाचले, एक प्रत मागून घेतली, आणि या वर्षी वर्ग हलले नाहीत. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

वहीची एक प्रत मंडळाच्या कपाटात पावतीपुस्तकांशेजारी आहे, एक माझ्याकडे. दर पाच वर्षांनी तीच दारं, तोच क्रम, तेच प्रश्न. प्रश्न सुधारायचा मोह झाला तर नवा शेवटी जोडा, जुना बदलू नका, नाहीतर तुलनाच होणार नाही.

आणि २०२१ ची राहिलेली जनगणना आता १ मार्च २०२७ हा दिवस धरून होते आहे. या वेळी मोबाइलवर भरतील म्हणे. तुमच्या दारात कुणी ओळखपत्रवाली शिक्षिका आली, तर बाहेरगावी राहणारा मुलगा घरात आहे असं सांगू नका, आणि पोटमाळ्यावरचं कुटुंब लपवू नका. तिला आधी पाणी विचारा. तिसऱ्या मजल्यानंतर फार लागतं.